लोखंडाची साठ वर्षांची उमेदवारी

कानाच्या यंत्राचा सेल ज्यांच्या घरात लागतो, त्यांना त्याची रीत ठाऊक असते. सेलच्या पाठीला रंगीत चिकटपट्टी असते. १३ नंबरला नारिंगी, ३१२ला तपकिरी, १०ला पिवळी, ६७५ला निळी. ती सोलायची, सेल दोन-चार मिनिटं टेबलावर तसाच ठेवायचा आणि मग यंत्रात बसवायचा. आमच्या आत्याला एवढा धीर कधी धरवत नाही. पट्टी काढली की सेल थेट यंत्रात, आणि मग ‘आवाज नीट येत नाही’ ही तक्रार ठरलेली. पट्टीखाली नीट बघितलं तर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. बॅटरीला भोकं पाडून विकायची हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हा सेल चालतोच मुळी त्या भोकांतून आत शिरणाऱ्या हवेवर. हवेतला ऑक्सिजन हा त्याचा अर्धा कच्चा माल. तो बाहेरून फुकट मिळतो, म्हणून आतली जवळजवळ सगळी जागा जस्ताच्या पुडीला मोकळी राहते आणि एवढासा सेल आठवडा-दोन आठवडे पुरतो. एकदा हवा शिरली की मात्र त्याचं आयुष्य सरायला लागतं. पट्टी परत चिकटवून फारसा उपयोग होत नाही.

छिद्रांच्या लगेच आत एक पातळ थर असतो. निकेलची जाळी, तिच्यावर कार्बनची पूड, पाणी बाहेर झिरपू नये म्हणून टेफ्लॉन आणि त्यात मिसळलेलं मॅंगनीजचं ऑक्साइड. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन घ्यायला लावण्याचं काम हे मॅंगनीज करतं. सोनं नाही, प्लॅटिनम नाही, चांदीही नाही. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून ‘मॉईल’ ही कंपनी वर्षानुवर्षं ड्राय बॅटरीच्या कारखान्यांना पुरवते, त्याच जातीचा हा माल. जगात असे कोट्यवधी सेल दरवर्षी विकले जातात.

मग हायड्रोजनच्या मोटारीला प्लॅटिनम का लागतं? ३० मार्च २०२२ला नितीन गडकरी टोयोटाच्या ‘मिराई’तून संसदेत गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी धुराऐवजी पाणी सोडणारी गाडी म्हणून तिचं कौतुक केलं. त्या गाडीच्या पोटात होणारी मुख्य क्रिया आत्याच्या कानातल्या सेलमध्ये होते तीच आहे: हवेतल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणं. फरक इतकाच की तिथे मॅंगनीज चालत नाही. डिसेंबर २०१४मध्ये जपानमध्ये बाजारात आलेल्या पहिल्या मिराईत साधारण तीस ग्रॅम प्लॅटिनम होतं असं सांगितलं जातं. साध्या पेट्रोल गाडीच्या धुराड्यातल्या कन्व्हर्टरमध्ये असले मौल्यवान धातू काही ग्रॅमच असतात.

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात रसायनशास्त्रज्ञांच्या तीन पिढ्या गेल्या. निबंधांचे ढीग पडले. दर दोन-तीन वर्षांनी ‘प्लॅटिनमला स्वस्त पर्याय सापडला’ अशी बातमी येते, आणि ती बहुतेक वेळा खोटी नसते. तरी रस्त्यावरच्या गाडीत प्लॅटिनमच असतं.

*

आधी ऑक्सिजनचा स्वभाव बघू. मिराईच्या पोटातल्या फ्युएल सेलच्या एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा आणि मधे प्रोटॉनला वाट देणारा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन. हायड्रोजनचं काम सोपं आहे. त्याचा रेणू चटकन फुटतो, प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन तारेतून जातात आणि तारेतल्या त्या वाटचालीतूनच मोटर फिरते. घोडं पेंड खातं ते पलीकडच्या बाजूला. ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना दुहेरी बंधाने घट्ट धरून असतात. त्यांना सोडवायचं आणि दोन रेणू पाणी बनवायचं, तर चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन क्रमाने पोचवावे लागतात. दोनच पोचले आणि गाडी तिथेच अडली तर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हे पेरॉक्साइड पुढे खलनायक म्हणून परत येणार आहे.

कागदावर या सेलमधून १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात गाडी चालताना ०.६ ते ०.७ हाती लागतात. मधले बरेचसे व्होल्ट ऑक्सिजनची मनधरणी करण्यात खर्च होतात आणि उष्णता होऊन जातात. प्लॅटिनम या मनधरणीत सर्वांत वाकबगार आहे, कारण ते ऑक्सिजनला धरतं आणि वेळेवर सोडतंही. फार घट्ट धरलं तर पृष्ठभाग अडकून पडतो, फार सैल धरलं तर बंध तुटतच नाही. डेन्मार्कमधल्या येन्स नॉर्स्कोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये निरनिराळ्या धातूंचा हा हिशेब मांडला. त्यात प्लॅटिनम शिखराच्या अगदी जवळ होतं, पण शिखरावर नव्हतं. त्याची पकड किंचित जास्त घट्ट निघाली. म्हणजे निसर्गनियमाप्रमाणे प्लॅटिनमहून सरस काही असायला हरकत नाही.

पण वेग ही प्लॅटिनमची अर्धीच गुणवत्ता आहे. ते ॲसिडमध्ये विरघळत नाही (अगदीच नाही असं नाही, पण फार हळू), आणि माझ्या मते खरी गोम इथे आहे. फ्युएल सेलमधला पडदा म्हणजे बहुतेक वेळा नाफिऑन. ड्यूपाँट कंपनीत १९६०च्या दशकात वॉल्टर ग्रोट यांनी बनवलेलं, टेफ्लॉनच्या कण्यावर सल्फॉनिक आम्लाच्या शेंड्या लावलेलं प्लास्टिक. ओलं झालं की ते तीव्र ॲसिडसारखं वागतं. वर सत्तर-ऐंशी अंश तापमान, ऑक्सिजनचा मारा आणि व्होल्टेज. मॅंगनीज, निकेल, कोबाल्ट यांची अशा जागी काही तासांत वाट लागते. कानाच्या सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड आहे, म्हणजे अल्क. अल्कात हे सगळे धातू सुखाने नांदतात.

मग ॲसिडचा हट्ट कशाला, असं कोणीही विचारेल. इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनने हट्ट केलाच नव्हता. त्याने पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि निकेलची इलेक्ट्रोड वापरून फ्युएल सेल बनवला, १९५९मध्ये पाच किलोवॅटची मांडणी चालवून दाखवली, आणि प्रॅट अँड व्हिटनीने त्याच कल्पनेवर बांधलेले सेल चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत बसले. यानातले लोक त्याच सेलचं पाणी पीत. म्हणजे प्लॅटिनमवाचून फ्युएल सेल माणसाला चंद्रापर्यंत घेऊन गेला आहे. अडचण पृथ्वीवर आहे. यानात शुद्ध ऑक्सिजनची टाकी होती. आपल्या हवेत कार्बन डायऑक्साइड आहे, दहा लाख भागांत चारशेवर भाग. तो अल्कात मिसळला की कार्बोनेट होतं, त्याचे खडे बसतात, छिद्रं बुजतात. कानाचा सेल दोन आठवड्यांत फेकूनच द्यायचा असल्यामुळे त्याला ही चिंता परवडते. दहा वर्षं चालायच्या गाडीला ती परवडत नाही. जनरल इलेक्ट्रिकमधल्या विलर्ड ग्रब यांनी १९५५च्या सुमारास आम्लधर्मी पडदा आणला, लेनर्ड नीड्राख यांनी त्यावर प्लॅटिनम बसवलं, ऑगस्ट १९६५मध्ये तो सेल जेमिनी ५ यानातून उडाला. जमिनीवरच्या गाड्यांनी पुढे याच घराण्याशी सोयरीक केली.

प्लॅटिनमची अडचण निव्वळ किमतीची नाही. जगात खाणीतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी जवळजवळ सत्तर टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड पट्ट्यातून येतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकडेमोडीत वर्षाला फ्युएल सेलचे पाच लाख संच बनवले, तर संचाच्या खर्चातला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या उत्प्रेरकाचा, म्हणजे प्लॅटिनमचा, निघतो. बाकी सगळं जास्त बनवलं की स्वस्त होतं. प्लॅटिनम उलट महाग होतं.

*

लोखंड ऑक्सिजनशी जुळवून घेतं हे शास्त्रज्ञांनी शोधण्याच्या कितीतरी आधी जीवसृष्टीने शोधलं होतं. आपल्या रक्तातल्या हीममध्ये लोखंडाचा एक अणू चार नायट्रोजनच्या मधोमध, अंगठीत खडा बसवावा तसा बसवलेला असतो. रक्तातलं लोखंड ऑक्सिजन नुसता वाहून नेतं. पण पेशींच्या आत सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं प्रथिन आहे, त्यात असंच एक लोखंड आणि शेजारी तांब्याचा अणू आहे, आणि ते नेमकी आपल्याला हवी असलेली क्रिया करतं: चार इलेक्ट्रॉन, चार प्रोटॉन, पाणी. आपण श्वासात घेतलेल्या ऑक्सिजनपैकी फार मोठा हिस्सा याच दारातून जातो. पेरॉक्साइड जवळजवळ सुटत नाही.

१९६४मध्ये रेमंड जॅसिन्स्की यांनी ‘नेचर’मध्ये छोटं टिपण छापलं. हीमसारखीच चौकट असलेलं, पण मधे कोबाल्ट असलेलं थॅलोसायनिन त्यांनी ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोडवर लावलं आणि ते चाललं. याच चौकटीत तांबं घातलं की छपाईची शाई आणि भिंतीचे रंग यांतला तो चमकदार निळा रंग होतो. जॅसिन्स्कींची चाचणी अल्कातली होती. ॲसिडमध्ये या रेणूंचे लवकरच तुकडे पडत.

पुढचं पाऊल धसमुसळं होतं. १९७०च्या दशकात जर्मनीत हॉर्स्ट यानके आणि सहकाऱ्यांनी हे नाजूक रेणू कार्बनवर लावून भट्टीत टाकले. सातशे-आठशे अंशांना रेणू तर जळून जायला हवा. तो मोडलाही, पण उरलेली काळी पूड अधिक चांगली चालू लागली आणि ॲसिडमध्ये टिकूही लागली. का, ते कोणाला कळेना. १९८९मध्ये क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात अर्नेस्ट यीगर यांच्या गटाने दाखवलं की महागडा रेणू मुळात लागतच नाही. लोखंडाचं किंवा कोबाल्टचं मीठ, नायट्रोजन असलेलं पॉलिॲक्रिलोनायट्राइल आणि कार्बन एकत्र भाजले तरी तीच करामत होते. त्या दिवसापासून हा विषय सगळ्यांसाठी खुला झाला, आणि त्याचा पाककृतीचा विषय झाला.

पाककृतींतली सर्वांत गाजलेली माँट्रियलजवळच्या व्हॅरेनची. तिथल्या आयएनआरएस या संस्थेत झाँ-पोल दोदले यांनी काही दशकं याच एका गोष्टीमागे घालवली. त्यांचं म्हणणं असं: लोखंडाची जागा उघड्या पृष्ठभागावर तयार होत नाही. कार्बनच्या दोन भिंतींमधल्या, दोन नॅनोमीटरहून अरुंद फटीत ती तयार होते; म्हणून फटीतच सामान भरलं पाहिजे. त्यांनी ब्लॅक पर्ल्स नावाचं व्यापारी काजळ घेतलं. त्यात असंख्य सूक्ष्म फटी असतात. त्यात फेनान्थ्रोलिन हा नायट्रोजनयुक्त पदार्थ आणि अगदी थोडं आयर्न ॲसिटेट घालून बॉल मिलमध्ये तासन्‌तास घोटलं. घोटण्याचा हेतू मिसळण्याएवढाच त्या फटी कोंबून भरण्याचा होता. मग आर्गॉन वायूत हजार अंशांच्या आसपास भाजलं, आणि दुसऱ्यांदा अमोनियात. अमोनिया कार्बनचा काही भाग खातो, नव्या फटी पाडतो आणि वर नायट्रोजन पेरून जातो. एप्रिल २००९मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध आला. मिशेल लेफेव्र, एरिक प्रोएती, फ्रेडेरिक झाउवें आणि दोदले. एका घन सेंटिमीटर उत्प्रेरकामागे ९९ अँपियर. आधीच्या सर्वोत्तम आकड्याच्या तीसपटींहून जास्त. ०.९ व्होल्टच्या वर या लोखंडी इलेक्ट्रोडने प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडची बरोबरी केली.

९९ हा आकडा कोणत्या मापावर मोठा, तेही सांगायला हवं. जनरल मोटर्समध्ये असताना ह्यूबर्ट गास्टाइगर यांनी २००५मध्ये हिशेब घातला होता: लोखंड फुकटच असल्यामुळे त्याचा थर प्लॅटिनमच्या दहापट जाड घालता येईल, म्हणून आकारमानामागे प्लॅटिनमच्या दहाव्या हिश्शाइतकं काम केलं तरी पुरे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ३०० अँपियरचं लक्ष्य ठेवलं. २०११मध्ये दोदलेंच्याच गटाने काजळाऐवजी झिफ-८ नावाचा जाळीदार स्फटिक वापरून २३० गाठले. झिफ ही धातू-सेंद्रिय जाळ्यांचीच एक शाखा, आणि २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल याच जाळ्यांना मिळालं. या स्फटिकात जस्त असतं. ते नऊशे अंशांच्या वर वाफ होऊन निघून जातं आणि मागे फटींचं जाळं आयतं सोडून जातं. आज जगभरचे बहुतेक चांगले लोखंडी उत्प्रेरक याच वाटेने बनतात.

दहापट जाडीची ती सवलत मात्र कागदावरच गोड होती. प्लॅटिनमचा थर दहा मायक्रॉनचा, लोखंडाचा शंभरचा. एवढ्या जाडीतून ऑक्सिजनने आत जायचं, पाण्याने बाहेर यायचं आणि प्रोटॉनने शेवटपर्यंत पोचायचं. भरपूर प्रवाह मागितला की आतल्या अर्ध्या थराला हवाच मिळत नाही.

*

व्हॅरेनच्या उत्प्रेरकाचा दुसरा आलेख कमी छापला गेला. शंभर तास सेल सलग चालवला की प्रवाह भराभर उतरायचा, आणि सगळ्यात तीव्र घसरण पहिल्या काही तासांतच व्हायची. २०११च्या झिफवाल्या उत्प्रेरकाचा वेग जास्त होता, पण तोही असाच दमला. मोटारीसाठी अपेक्षा आहे आठ हजार तासांची.

न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत पिओत्र झेलेने यांचा गट दुसऱ्या टोकाने निघाला होता: आधी टिकाऊपणा, वेग मागून. २००६मध्ये त्यांनी कोबाल्ट आणि पॉलिपिरोल घेऊन ‘नेचर’मध्ये हजेरी लावली. २०११मध्ये गँग वू आणि झेलेने यांनी पॉलिॲनिलीन, लोखंड आणि कोबाल्ट भाजून केलेला उत्प्रेरक सातशे तास चालवून दाखवला. सातशे तास त्या वेळी थक्क करणारे होते. पण चाचणी ०.४ व्होल्टवर झाली होती, आणि गाडी ०.६-०.७वर चालते. व्होल्टेज जेवढं वर, तेवढा कार्बन सडण्याचा धोका जास्त. इथे कोणी फसवणूक केली असं मला म्हणायचं नाही. निबंधात आकडा स्पष्ट छापला होता. बातमीत तो गाळला गेला.

दरम्यान काळ्या पुडीत काय दडलंय ते उलगडत होतं. दोदलेंचे जुने सहकारी झाउवें फ्रान्सला माँपेलिएला गेले. २०१५मध्ये अँद्रेआ झिटोलो आणि त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवलं की पुडीतल्या लोखंडाच्या एकेका अणूभोवती, हीममधल्यासारखेच, चार नायट्रोजन आहेत. २०१७मध्ये लॉस अलामॉस आणि ओक रिज यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तेच एकेकटे अणू कार्बनच्या पटलात जडलेले बघितले. म्हणजे यानकेंच्या भट्टीत रेणू मोडला होता खरा, पण त्याचा गाभा नव्याने, अधिक भक्कम भिंतीत उभा राहिला होता.

मग तो भक्कम गाभा शंभर तासांत का ढासळतो? लोखंड ॲसिडमध्ये विरघळून जातं हे एक कारण. फटींत पाणी साचून हवा अडते हे दुसरं, आणि दोदले बराच काळ त्यावर ठाम होते. भोवतीचा कार्बन जळतो हे तिसरं. पण मला सर्वांत बोचणारं वाटतं ते पेरॉक्साइडचं. लोखंडी जागेवर दर शंभर रेणूंत काही मोजके अर्ध्यावर अडून पेरॉक्साइड होतात. केंब्रिजच्या हेन्री फेंटनने १८९४मध्ये दाखवलं होतं की लोखंड आणि पेरॉक्साइड एकत्र आले की सेंद्रिय पदार्थांची धडगत नाही. त्यातून हायड्रॉक्सिल हे अत्यंत आक्रमक तुकडे निघतात आणि समोर येईल ते खातात. रासायनिक कारखान्यांचं हट्टी सांडपाणी साफ करताना हीच क्रिया मुद्दाम घडवतात. फ्युएल सेलमध्ये ती नको असताना घडते. झाउवें आणि कार्ल मायरहोफर यांच्या गटांनी २०१८मध्ये दाखवलं की या माऱ्यात लोखंडाची जागा तशीच उरते. तिच्या भोवतीच्या कार्बनचा पृष्ठभाग खराब होतो आणि लोखंडाची ऑक्सिजनवरची पकड बिघडते. वर सुटलेलं लोखंड पडद्यात गेलं तर नाफिऑनलाही पोखरतं. प्लॅटिनमचा संच जुना झाला की हळूहळू मंदावतो. लोखंडाच्या संचात उत्प्रेरक स्वतःही जातो आणि सोबत पडद्यालाही नेतो.

हीमचं उदाहरण अनेक लेखांत आशेचा किरण म्हणून दिलं जातं. तिथे एक गोष्ट सोयीस्कर विसरली जाते. शरीराने टिकाऊ उत्प्रेरक बनवलेलाच नाही. पेशी हे प्रथिन सतत मोडून नवं बनवत असते, आणि पेरॉक्साइडचा निकाल लावायला कॅटालेज नावाचा वेगळा पहारेकरी ठेवते. दुरुस्तीचा कारखाना जवळ असला की कच्चा माल चालतो. गाडीत तो कारखाना नाही.

*

या विषयाची एक गमतीची बाजूही आहे. भाजण्याची पाककृती सोपी असल्यामुळे नायट्रोजन असलेलं काहीही चालतं, आणि लोकांनी खरोखर काहीही भाजलं. २०१४मध्ये कोरिया विद्यापीठातल्या एका गटाने माणसाच्या लघवीपासून सच्छिद्र कार्बन बनवला आणि तो ऑक्सिजनच्या क्रियेसाठी चांगला चालतो असं दाखवलं. (पहिल्या लेखकाचं नाव अस्सल मराठी वळणाचं आहे.) या असल्या निबंधांचा कंटाळा येऊन प्रागच्या मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये ग्राफीनमध्ये पक्ष्यांची विष्ठा मिसळून बघितली. ते ग्राफीन साध्या ग्राफीनपेक्षा सरस निघालं! निबंधाचा मथळाच प्रश्नार्थक होता: कुठलीही घाण घातली तर चालेल का? खरमरीत थट्टा होती, आणि ती नेमकी जागी लागली.

चाचणीची पद्धतही अशा निबंधांना पोसते. पाच मिलिमीटर व्यासाच्या काचकार्बनच्या चकतीवर उत्प्रेरकाच्या शाईचा थेंब टाकायचा, वाळू द्यायचा, ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेल्या द्रावणात चकती मिनिटाला १६०० फेऱ्यांनी फिरवायची आणि वक्र काढायचा. प्रयोगशाळेत याला ‘आरडीई’ म्हणतात. दुपारभरात काम होतं, मोटारीचा संच बांधावा लागत नाही. द्रावण अल्कधर्मी घेतलं की जवळजवळ काहीही चांगलं दिसतं, कारण तिथे मॅंगनीजसुद्धा दिमाखात चालतं हे आपण कानात पाहिलं. शिवाय मांडणीतली दुसरी तार प्लॅटिनमची असली, तर तिचा अंश विरघळून चकतीवर बसतो आणि ‘प्लॅटिनममुक्त’ उत्प्रेरक प्लॅटिनमच्याच जोरावर चमकतो. म्हणून आता चांगली नियतकालिकं ती तार कार्बनची मागतात.

तिकडे प्रतिस्पर्धीही स्वस्थ बसलेला नाही, हे लोखंडवाल्यांचं मोठं दुःख. एकेकाळी एका चौरस सेंटिमीटरला चार मिलिग्रॅम प्लॅटिनम लागायचं. लॉस अलामॉसमध्येच इयन रेस्ट्रिक यांनी १९८०च्या दशकात इलेक्ट्रोडमध्ये नाफिऑन भिजवण्याची युक्ती काढली आणि ते ०.४वर आलं, नंतर त्याहून खाली. म्हणजे लोखंडाला हरवायचं होतं त्या प्लॅटिनमचं प्रमाण लोखंड तयार होईपर्यंत दहापटीने घटलं होतं. शिवाय जुन्या संचातून प्लॅटिनम परत मिळवता येतं, लोखंडाचा कार्बन मिळवून काय करणार? आता तर हायड्रोजनचा रोख गाड्यांकडून अवजड ट्रककडे वळला आहे. ट्रकला अपेक्षित आयुष्य २५ हजार तासांचं. ट्रकवाल्याला संच काही रुपयांनी स्वस्त मिळण्यापेक्षा तो वर्षानुवर्षं कमी हायड्रोजन पिणारा हवा असतो, आणि त्यासाठी तो थोडं जास्त प्लॅटिनम आनंदाने घेईल.

तरी लोखंडाच्या भाईबंदांनी बाजाराचा उंबरठा ओलांडलेला आहे. जपानच्या निशिनबो कंपनीने बनवलेला मौल्यवान धातूविरहित कार्बन उत्प्रेरक कॅनडाच्या बॅलार्डने २०१७मध्ये आपल्या ३० वॅटच्या छोट्या संचात हवेच्या बाजूला वापरला. पडद्याचा फ्युएल सेल विकत घेता येईल अशा रूपात प्लॅटिनमवाचून हवेकडचं काम करताना पहिल्यांदा दिसला. हायड्रोजनच्या बाजूचं थोडं प्लॅटिनम तसंच राहिलं. ३० वॅट म्हणजे एका जुन्या बल्बचंही काम नव्हे, पण घडलं हे खरं. निशिनबो १९०७मध्ये सूतगिरणी म्हणून सुरू झालेली. परळच्या गिरण्यांचे मॉल झाले, जपानच्या सूतगिरणीने उत्प्रेरक काढला. असो.

*

आपल्याकडेही या विषयाचे दोन पत्ते आहेत. एक अंबरनाथचा. डीआरडीओची नौदल सामग्री प्रयोगशाळा तिथे आहे, आणि पाणबुडीला जास्त दिवस पाण्याखाली राहता यावं म्हणून तिने फॉस्फोरिक आम्लाचा फ्युएल सेल बांधला. हायड्रोजन टाकीत न नेता तिथेच बोरोहायड्राइडपासून तयार करायचा. ८ मार्च २०२१ला जमिनीवरच्या पूर्ण मांडणीची चाचणी यशस्वी झाली; एल अँड टी आणि थरमॅक्स सोबत होते. इथे उत्प्रेरक प्लॅटिनमचा आहे, आणि तो बदलायची कोणाला घाई नाही. पाणबुडीच्या खर्चात प्लॅटिनमचे काही ग्रॅम कुठे दिसणार?

दुसरा पत्ता पुण्याचा, पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. केपीआयटी कंपनीबरोबर तिने ऑक्टोबर २०२०मध्ये हायड्रोजनची गाडी चालवून दाखवली आणि ऑगस्ट २०२२मध्ये बस. ही दोन्ही प्रोटॉनच्या पडद्याच्या घराण्यातली. पण त्याच आवारात श्रीकुमार कुरुंगोट यांचा गट बरीच वर्षं प्लॅटिनमरहित ऑक्सिजन उत्प्रेरक आणि जस्त-हवा बॅटरी या दोन्हींवर काम करतो. हे दोन विषय एका छताखाली असणं योगायोग नाही. जस्त-हवा बॅटरीत अल्क असतं. तिथे लोखंडाला फेंटनच्या माऱ्याला एवढ्या तीव्रतेने तोंड द्यावं लागत नाही, विरघळण्याची भीती कमी असते, आणि व्हॅरेनची काळी पूड मॅंगनीजपेक्षा कितीतरी सरस चालते. तिथली अडचण जस्ताच्या बाजूला आहे. परत चार्ज करताना जस्त सपाट न बसता काटे काढतं आणि ते काटे पलीकडे टेकतात. हवेच्या बाजूलाही एकाच थराने ऑक्सिजन खायचा आणि चार्जिंगच्या वेळी परत सोडायचा असतो, आणि सोडण्याच्या वेळचं चढं व्होल्टेज कार्बनला सोसत नाही. म्हणून कानातला सेल एकदा वापरून फेकायचाच राहिला. इंडियन ऑइलने इस्रायलच्या फिनर्जीबरोबर ॲल्युमिनियम-हवा बॅटरी हाती घेतली, तिथे चार्जिंगचा प्रश्नच काढून टाकला आहे. धातूची पट्टी संपली की नवी घालायची.

ज्या संशोधकांना गाडीच सोडायची नाही, त्यांनी आता उत्प्रेरकाऐवजी पडदा बदलायला घेतला आहे. नाफिऑनच्या जागी हायड्रॉक्साइडला वाट देणारा अल्कधर्मी प्लास्टिकचा पडदा, म्हणजे बेकनचं अल्क, पण द्रव नसलेलं. त्यात हवेच्या बाजूला लोखंड, कोबाल्ट, मॅंगनीज सगळ्यांना जागा आहे. विचित्र असं की तिथे हायड्रोजनची सोपी बाजू अवघड होते. अल्कात हायड्रोजनची क्रिया मंदावते आणि तिकडे पुन्हा प्लॅटिनम किंवा रुथेनियम घालावं लागतं. कार्बन डायऑक्साइड अजूनही पडद्यात शिरून व्होल्टेज पाडतो, म्हणून हवा आधी गाळून घ्यावी लागते. आणि तापलेल्या अल्कात या पडद्याचं स्वतःचं रसायन किती हजार तास तग धरतं, यावर सध्या प्रयोगशाळांमध्ये चाचण्या चालू आहेत.